रेंज नाही? मग व्हॉट्सअ‍ॅपवर कर!

‘हॅलो... हॅलो... ऐकू येतंय का? अगं, कट होतोय. थांब, व्हॉट्सअ‍ॅपवर करते.’

हे वाक्य आपण दिवसातून किती वेळा बोलतो, मोजलंय कधी? कर्जतच्या एसटी स्टँडवर, कॉलेजच्या कट्ट्यावर, राशीन किंवा मिरजगावकडे जाणाऱ्या गाडीत, सगळीकडे हेच. (आधीच सांगते, आमचं कर्जत नगर जिल्ह्यातलं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधलं. मुंबईची लोकल जाते ते कर्जत वेगळं.) कधी उलटंही होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज रोबोटसारखा येतो, मग आपण म्हणतो, ‘साधा कॉल कर ना यार.’

म्हणजे आपल्या डोक्यात दोन प्रकार पक्के आहेत: ‘साधा कॉल’ आणि ‘नेटवरचा कॉल’. एक रिचार्जमधून जातो, दुसरा डेटातून. पण थोडं खोदायला गेलं की कळतं, प्रकरण इतकं सरळ नाही. तुमच्या हातात ४जी फोन असेल तर तुमचा ‘साधा’ कॉलही बहुतेक वेळा इंटरनेटच्याच पद्धतीने जातो. मग दोघांत फरक काय? कुठला कॉल कधी दगा देतो? आणि ‘फुकट’ म्हणतो तो कॉल कुणासाठी फुकट आहे? कारण घरात एकाकडे स्मार्टफोन आणि एकाकडे बटणांचा फोन असेल, तर हा प्रश्न टेक्निकल राहत नाही, घरचा होतो.

पिवळी पाटी आणि पाण्याची पाळी

आपल्या आईबाबांना विचारा, त्यांना काळ्या अक्षरांची पिवळी पाटी नक्की आठवेल: एसटीडी, आयएसडी, पीसीओ. काचेची केबिन, आत फोन, बाहेर मीटर. त्या मीटरकडे बघत बघतच बोलायचं. रात्री उशिरा दर उतरायचे, म्हणून पुण्या-मुंबईत कामाला असलेल्या माणसाशी बोलायला लोक रात्रीच बूथवर जायचे.

हे बूथ गावोगावी पोचले त्यामागे मोठं काम होतं. १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी संस्था सुरू झाली, सॅम पित्रोदा हे तिच्यामागचं ठळक नाव. या संस्थेने खेड्यांसाठी छोटं एक्सचेंज बनवलं, जे एसीशिवाय, धुळीत आणि उन्हातही चालेल. १९८६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला ते बसवलं गेलं. आपल्यासारख्या दुष्काळी, धुळीच्या तालुक्यांमध्ये फोन पोचण्याची वाट अशा एक्सचेंजमुळे मोकळी झाली.

त्या काळच्या फोनचं तंत्र समजून घ्यायचं तर कर्जतकरांना दुसरीकडे जायची गरज नाही. कुकडीच्या कालव्याचं आवर्तन सुटलं की काय होतं? तुमची पाळी आली की तेवढा वेळ चारीचं पाणी फक्त तुमचं. तुम्ही दारं धरा नाहीतर बांधावर बसून राहा, पाळी तुमचीच. जुना फोन तसाच होता. नंबर लागला की इथपासून तिथपर्यंतची एक वाट तुमच्यासाठी राखून ठेवली जायची. तुम्ही बोला किंवा गप्प बसा, वाट अडलेलीच. म्हणून पैसे मिनिटाचे आणि अंतराचे. जितकं लांब, तितकं महाग.

याचा फायदाही होता. एकदा लाइन लागली की आवाज सलग यायचा. आणि तारेच्या फोनला वीज एक्सचेंजच्या बॅटरीमधून, त्याच तारेतून मिळायची. गावची लाईट गेली तरी फोन वाजायचा. आज लाईट गेली की राउटर बंद, आणि फार वेळ गेली तर टॉवरची बॅटरीही मान टाकते. हे आपण सगळेच अनुभवतो.

वऱ्हाडाच्या गाड्या

आता इंटरनेटवरचा कॉल. इथे कुणासाठीच वाट राखलेली नसते. सगळे एकाच रस्त्यावर. तुमचा आवाज, शेजारच्याची रील, कुणाची क्रिकेट मॅच, कुणाचा सातबारा डाउनलोड, सगळं मिसळून.

तुम्ही ‘आई, जेवलीस का?’ म्हणता. फोन आधी हा आवाज आकड्यांत बदलतो. मग त्याचे बारीक तुकडे करतो. साधारण २० मिलिसेकंदांचा एक तुकडा, म्हणजे सेकंदाला ५०. प्रत्येक तुकड्यावर पत्ता आणि क्रमांक लिहिला जातो आणि तो रस्त्याला लागतो. या तुकड्यांना पॅकेट म्हणतात.

हे आपल्याकडच्या वऱ्हाडासारखं आहे. गाड्या एकामागून एक सुटतात. एखादी मिरजगावमार्गे जाते, एखादी राशीनमार्गे, एखादी टपरीवर चहाला थांबते. मांडवात पोचताना क्रम विस्कटलेला असतो. म्हणून समोरचा फोन पाव्हण्यांना दारातच क्षणभर थांबवतो, क्रमाने लावतो आणि मग आत सोडतो. या थांबवण्याला जिटर बफर म्हणतात. पण मुहूर्त कुणासाठी थांबत नाही. जी गाडी फारच उशिरा आली, तिला सोडून अक्षता पडतात. तिथे जो तुकडा गळाला, त्याच्या जागी फोन आजूबाजूच्या आवाजावरून अंदाजाने काहीतरी भरतो. तोच आपल्याला ऐकू येणारा ‘रोबोट’.

मेसेज किंवा फोटो पाठवताना असं होत नाही. तिथे हरवलेला तुकडा परत मागवता येतो, दोन सेकंद उशीर झाला तरी चालतं. बोलण्यात ते चालत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या मार्गदर्शनानुसार आवाज एका बाजूने दुसऱ्या बाजूला १५० मिलिसेकंदांच्या आत पोचला तर संभाषण नैसर्गिक वाटतं. त्याहून फार उशीर झाला की काय होतं? तुम्ही बोलता, समोर शांतता, म्हणून परत बोलता, तेवढ्यात तिकडचं उत्तर येऊन धडकतं. ‘बोल ना’, ‘नाही, तू बोल’. अर्धी भांडणं इथूनच सुरू होतात, खरं सांगते!

आवाज असा पॅकेटमध्ये पाठवायचे प्रयोग अमेरिकेत १९७० च्या दशकातच, इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या नेटवर्कवर झाले होते. सामान्य माणसाच्या कॉम्प्युटरवर ते १९९५ मध्ये आलं, व्होकलटेक नावाच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून. २००३ मध्ये स्काइप आलं आणि पुढे त्यावर परदेशातल्या लेकरांचे चेहरेही घरच्या कॉम्प्युटरवर दिसायला लागले. तेच स्काइप मे २०२५ मध्ये बंद झालं. आपल्यातल्या कितीतरी जणांनी ते कधी उघडलंही नसेल. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस कॉल २०१५ मध्ये आणि व्हिडिओ कॉल नोव्हेंबर २०१६ मध्ये आला.

एक तास बोललं तर किती डेटा?

हिशोब करून बघू. जुन्या डिजिटल फोन लाइनवर आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजला जायचा आणि त्याला सेकंदाला ६४ किलोबिट लागायचे. आजची तंत्रं आवाज दाबून बरीच लहान करतात. २०१२ मध्ये प्रमाणित झालेलं ‘ओपस’ हे तंत्र तर अगदी ६ किलोबिटपर्यंत खाली जाऊ शकतं.

आपण मध्यम आकडा धरू, २४ किलोबिट. म्हणजे २० मिलिसेकंदांच्या एका तुकड्यात ६० बाइट आवाज. त्यावर पत्ता, क्रमांक वगैरे मिळून साधारण ४० बाइट. बघा, माल ६० आणि पाकीट ४०! एकूण १०० बाइट, सेकंदाला ५० तुकडे, म्हणजे मिनिटाला ३०० केबी. बोलणं दोन्ही बाजूंचं असतं, म्हणून ६०० केबी. तासाला झाले ३६ एमबी. रोज दीड जीबीचा पॅक असेल तर त्यात ४१ तास बोलता येईल. दिवसात तेवढे तासच नाहीत! अ‍ॅपनुसार आणि नेटनुसार हा आकडा खालीवर होतो, आणि व्हिडिओ सुरू केला की कित्येक पटींनी वाढतो. पण नुसत्या बोलण्याला डेटा फार लागत नाही, हे पक्कं. त्याला लागते ती सलगता. स्पीड टेस्टमध्ये आकडा भारी दिसतो आणि कॉल तरी तुटतो, त्याचं कारण हेच. रस्ता रुंद असून उपयोग नाही, गाड्या वेळेवर पोचल्या पाहिजेत.

‘साधा’ कॉल आता साधा राहिला नाही

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं. फुकट डेटा सगळ्यांना आठवतो, पण एक गोष्ट कमी लोकांच्या लक्षात आली. या कंपनीकडे जुनं २जी-३जीचं नेटवर्कच नव्हतं. त्यामुळे तिचा प्रत्येक कॉल ४जीवरून, म्हणजे पॅकेटमधूनच जाणार होता. फोनच्या वर कोपऱ्यात ‘व्होल्टे’ अशी बारीक अक्षरं दिसतात ना, ती हीच. पुढे बाकीच्या कंपन्याही या वाटेला आल्या.

मग व्हॉट्सअ‍ॅप कॉल आणि व्होल्टे कॉल यांत फरक काय राहिला? फरक रस्त्यावरच्या मानाचा आहे. व्होल्टे कॉलचे तुकडे कंपनीच्या स्वतःच्या नेटवर्कमधून जातात आणि तिथे त्यांना अ‍ॅम्ब्युलन्ससारखी आधी वाट मिळते. व्हॉट्सअ‍ॅपचे तुकडे बाकीच्या डेटाबरोबर रांगेत. म्हणून राशीनच्या देवीला नवरात्रात गर्दी असते, किंवा अंगारकीला सिद्धटेकला पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा टॉवर तोच, फोन तोच, तरी साधा कॉल टिकण्याची शक्यता जास्त असते.

आणि याच्या उलट परिस्थिती वस्तीवर. आपल्याकडे कितीतरी घरं गावात नाहीत, रानात आहेत. पत्र्याचं घर असेल तर धातू सिग्नल अडवतो. अंगणात दोन काड्या, आत शून्य. अशा घरात वाय-फाय असेल तर व्हॉट्सअ‍ॅप कॉल लागतो. पण त्याहून एक बरा उपाय तुमच्या फोनच्या सेटिंगमध्येच पडून असतो: वाय-फाय कॉलिंग. २०१९ च्या अखेरीपासून भारतात ही सोय मिळू लागली. यात तुमचा नेहमीचा नंबर, नेहमीचा डायलर, नेहमीचा रिचार्ज, फक्त कॉल टॉवरऐवजी घरच्या वाय-फायवरून निघतो. समोरच्याकडे कुठलंच अ‍ॅप नसलं तरी चालतं. फोन आणि कंपनी दोघांची सोय असेल तर एक बटण दाबायचा प्रश्न. कितीतरी फोनमध्ये ते बंदच असतं.

एकेकाळी हे बेकायदा होतं

आज गंमत वाटेल, पण मार्च २००२ पर्यंत भारतात इंटरनेटवरून फोन करायला परवानगी नव्हती. परदेशी कॉल ही व्हीएसएनएल या सरकारी कंपनीची मक्तेदारी होती आणि मिनिटाचे दर जबर होते. १ एप्रिल २००२ ला हे दार उघडलं, पण अर्धवटच. कॉम्प्युटरवरून कॉम्प्युटरवर बोला, कॉम्प्युटरवरून परदेशातल्या फोनवर बोला. पण नेटवरून भारतातल्याच साध्या फोनवर कॉल लावायचा नाही! हे दार उघडायला २०१८ उजाडलं. ट्रायने ऑक्टोबर २०१७ मध्ये शिफारस केली, दूरसंचार विभागाने पुढच्या वर्षी परवाना देऊ केला आणि जुलै २०१८ मध्ये बीएसएनएलने ‘विंग्स’ ही सेवा जाहीर केली. त्यात सिमशिवाय, अ‍ॅपवरून कुठल्याही नंबरला फोन लावता येणार होता.

याच्या मधल्या काळात एक लढाई झाली आणि ती आपल्याच वयाच्या पोरापोरींनी लढली. डिसेंबर २०१४ च्या शेवटच्या आठवड्यात एअरटेलने जाहीर केलं की इंटरनेट कॉलसाठी वेगळे पैसे लागतील. ७५ रुपयांत ७५ एमबीचा खास पॅक. वरच्या हिशोबाने मोजा: ७५ एमबी म्हणजे जेमतेम दोन तासांचं बोलणं. डेटाचे पैसे भरलेत, तरी त्यातून बोलायचं असेल तर पुन्हा वेगळे भरा, असं ते होतं. इतका गदारोळ झाला की काही दिवसांतच निर्णय मागे घ्यावा लागला. मार्च २०१५ मध्ये ट्रायने या विषयावर लोकांची मतं मागवली, तेव्हा दहा लाखांहून जास्त ईमेल गेले. त्यातले कितीतरी कॉलेजच्या होस्टेलमधून गेले असतील. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने नियम काढला: डेटा कशासाठी वापरला यावरून वेगवेगळे दर लावता येणार नाहीत.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. त्यांचं म्हणणं असं की टॉवर आम्ही उभारतो, स्पेक्ट्रमचे पैसे आम्ही भरतो, परवान्याचे नियम आम्हाला लागू, आणि त्याच रस्त्यावरून अ‍ॅपवाले काही न देता धंदा करतात. हा वाद अजून मिटलेला नाही. पण आज आपण व्हॉट्सअ‍ॅपवर बोलताना वेगळा पॅक मारत नाही, ते आपोआप झालेलं नाही, हे लक्षात ठेवायला हवं. संयुक्त अरब अमिरातीत आजही व्हॉट्सअ‍ॅपवरचे कॉल अडवलेले आहेत. तिथे कामाला गेलेल्या माणसाला घरी बोलायला सरकारमान्य अ‍ॅप शोधावं लागतं.

लातूर, कोंढवा आणि तुमचं सिम

आता या तंत्राची काळी बाजू. परदेशातून आलेला कॉल तुमच्या फोनवर पोचवण्यासाठी इथल्या कंपनीला मिनिटामागे काही पैसे मिळतात. २०१८ मध्ये हा दर ३० पैसे होता. चिल्लर वाटते, पण लाखो मिनिटं झाली की मोठी रक्कम. ती वाचवायला काही जण ‘सिम बॉक्स’ लावतात. एका पेटीत ढीगभर सिमकार्ड. परदेशातून कॉल इंटरनेटवरून या पेटीत येतो आणि तिथून एखाद्या स्थानिक सिमवरून बाहेर पडतो. तुमच्या स्क्रीनवर आपल्याकडचा दहा आकडी नंबर दिसतो, कॉल मात्र आलेला असतो परदेशातून. पैसे बुडतात हे एक. खरा फोन करणारा कोण, हे शोधणं अवघड होतं हे दुसरं, आणि जास्त गंभीर.

हे सगळं कुठे तरी परदेशात घडतं असं वाटत असेल तर ऐका. जून २०१७ मध्ये लातूर जिल्ह्यात एटीएस आणि पोलिसांनी अशी बेकायदा टेलिफोन एक्सचेंज पकडली. ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्यात कोंढव्यात असंच एक्सचेंज सापडलं, त्यात सात सिम बॉक्स आणि साडेतीन हजारांहून जास्त सिमकार्ड होती.

आता विचार करा, इतकी सिम येतात कुठून? प्रत्येक सिम कुणाच्या तरी आधार कार्डावर, कुणाच्या तरी अंगठ्यावर निघतं. ‘तुझ्या नावावर एक सिम काढून दे, पाचशे रुपये देतो’ असं कुणी म्हटलं तर तो खर्चायला पैसे देत नाहीये, तुमचं नाव विकत घेतोय. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात फसवणूक करून सिम मिळवण्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. तुमच्या नावावर किती नंबर चालू आहेत, ते ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर दोन मिनिटांत कळतं. आपला नसलेला नंबर दिसला तर तिथूनच कळवता येतं.

फसवणुकीचे कॉलही याच वाटेने येतात. इंटरनेटवरून कॉल लावताना समोर दिसणारा नंबर खोटा दाखवता येतो. २२ ऑक्टोबर २०२४ ला दूरसंचार विभागाने असे परदेशातून येणारे, पण भारतीय नंबर दाखवणारे कॉल अडवायची यंत्रणा सुरू केली. पहिल्या २४ तासांत १ कोटी ३५ लाख कॉल अडवले गेले! एका दिवसात! ‘डिजिटल अरेस्ट’चे व्हिडिओ कॉल तर आता सगळ्यांना माहीत आहेत. वर्दीतला माणूस, मागे पोलीस ठाण्यासारखी भिंत. आपल्या कायद्यात ‘डिजिटल अरेस्ट’ नावाचा प्रकारच नाही. हे तुम्हाला माहीत आहे. घरी बाबांना, मामांना माहीत आहे का? आज सांगा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० ला फोन करायचा.

नेट बंद झालं की?

फेब्रुवारी २०२४ मध्ये मराठा आरक्षण आंदोलनाच्या वेळी जालना, छत्रपती संभाजीनगर आणि आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात काही तास इंटरनेट बंद ठेवलं होतं. असं नेट बंद झालं की अ‍ॅपवरचे कॉल क्षणात मुके होतात. ज्यांनी साध्या नंबरची सवयच सोडली आहे, ज्यांच्या फोनमध्ये मित्राचा फक्त इन्स्टा आयडी आहे, नंबरच नाही, त्यांनी काय करायचं?

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. ११२ हा आपत्कालीन नंबर व्हॉट्सअ‍ॅपवरून लागत नाही. अपघात झाला, रात्री रस्त्यात गाडी बंद पडून कुणी मागे लागलं, तर डायलर उघडूनच ११२ दाबायचं. तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुठल्या कंपनीचा टॉवर जवळ असेल तर फोन त्यावरून आपत्कालीन कॉल लावायचा प्रयत्न करतो. अ‍ॅपला ते जमत नाही.

बटणांचा फोन आणि २८ दिवस

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. ‘फुकट’ कॉल कुणासाठी फुकट?

शिक्षणासाठी पुण्याला गेलेली मुलगी वडिलांशी व्हिडिओवर बोलते. आजी शेजारी बसलेली असते, तिला स्क्रीन दाखवली जाते. आजीचा स्वतःचा फोन बटणांचा. नातीला तिच्याशी एकटीशी बोलायचं असेल तर वडील घरी यायची वाट बघायची, किंवा साधा कॉल करायचा. पण साधा कॉल करायची सवय मोडलीये. आजीकडून फोन यावा तर तिच्या फोनला रिचार्ज हवा. आणि गेली काही वर्षं रिचार्ज म्हणजे डेटासकटच. जो फोन नेट उघडूच शकत नाही, त्यात रोजच्या डेटाचा पॅक! जुलै २०२४ मध्ये कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हा हे आणखी टोचलं. ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याचा फोन असाच, गावाकडे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांचा असाच. नेटवरचे कॉल स्वस्त झाले, पण ते परवडणाऱ्यांच्या घोळक्यातच फिरत राहिले. घोळक्याबाहेरच्या माणसाला उलट जास्त पैसे पडले.

यावर डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने एक चांगला नियम केला. फक्त कॉल आणि एसएमएसचा, डेटा नसलेला एक तरी पॅक प्रत्येक कंपनीने दिलाच पाहिजे, आणि त्याची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. देशात सुमारे १५ कोटी लोक अजून साधे फोन वापरतात, हे ट्रायने तेव्हा लक्षात घेतलं होतं. जानेवारी २०२५ पासून असे पॅक आले. पण ते अ‍ॅपमध्ये वरती चमकत नाहीत, खाली शोधावे लागतात. आजी काही अ‍ॅप उघडून शोधणार नाही. दुकानदाराला ‘महिन्याचं मार’ म्हटलं की तो नेहमीचाच मारतो. म्हणजे हे काम कुणाचं? ज्याला अ‍ॅप कळतं त्याचं. आपलं.

आज रात्री करायच्या चार गोष्टी

▪ घरातल्या बटणांच्या फोनचा शेवटचा रिचार्ज बघा. त्यात डेटा असेल तर पुढच्या वेळी फक्त कॉल-एसएमएसचा लांब मुदतीचा पॅक शोधून द्या. वर्षाचा हिशोब मांडून आईला दाखवा, फरक तिलाच कळेल.

▪ वस्तीवरच्या घरात वाय-फाय असेल तर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये वाय-फाय कॉलिंग सुरू करता येतं का बघा. ऑनलाइन इंटरव्ह्यू असेल तर आदल्या दिवशी त्याच जागेवरून, त्याच वेळेला एक कॉल करून पाहा. अडखळला तर आधी व्हिडिओ बंद करा, आवाज बहुतेक वेळा सावरतो.

▪ जवळच्या पाच माणसांचे दहा आकडी नंबर वहीत लिहा. हो, वहीत, पेनाने.

▪ संचार साथीवर स्वतःच्या आणि आईबाबांच्या नावावरची सिम तपासा.

आणि पाचवी, यादीत न बसणारी. ज्यांच्याकडे व्हॉट्सअ‍ॅप नाही असा एक नंबर तुमच्या फोनमध्ये असेलच. आजीचा, आत्याचा, शाळेतल्या जुन्या शिपाईमामांचा. पॅकमध्ये अनलिमिटेड कॉल आहेत, त्याचे पैसे तुम्ही आधीच भरलेत. डायलर उघडा आणि लावा.